सी मधून थेट हार्डवेअर: टूल काय ठरवतं, आणि तुम्हाला काय ठरवावं लागतं

रत्नागिरीहून तुम्ही चौघांनी जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही हापूसची प्रतवारी करणारं यंत्र करताय. पट्ट्यावरून आंबे सरकतात, वर कॅमेरा आहे, ६४० बाय ४८० चं करडं चित्र, सेकंदाला ६० फ्रेम. सालीवरचे डाग शोधायला ३ बाय ३ चा फिल्टर सी मध्ये लिहिलात, तो हाय-लेव्हल सिंथेसिसच्या (एचएलएस, म्हणजे सी कोडवरून सर्किट बांधून देणाऱ्या) टूलमधून काढून झिंक ७०२० (Zynq: प्रोसेसर आणि एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी आपण ठरवू शकतो असं लॉजिक, एकत्र असलेली चिप) च्या बोर्डावर चढवलात, आणि सेकंदाला जेमतेम ४ फ्रेम मिळाल्या. तोच कोड लॅपटॉपवर याच्या कितीतरी पट जोरात धावतो. मग तुमचे तीन प्रश्न: आमचं चुकलं कुठे, हे सगळं टूलच करणार असेल तर व्हेरिलॉग (हार्डवेअर लिहायची भाषा) शिकायचं कशाला, आणि कोकणात राहून या क्षेत्रात काम मिळतं का.

मी बावीस वर्षं हेच काम करतोय. पहिली दहा हाताने व्हेरिलॉग लिहिण्यात गेली, नंतरची बहुतेक एचएलएसमध्ये. २०२० पासून गुहागरला घरूनच काम करतो.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की तुमचं टूल बिघडलेलं नाही आणि सी कोडचं उत्तरही चुकीचं नाही. तुम्ही जे सांगितलंत तेच त्याने इमानाने बांधून दिलं. फक्त तुमच्या सांगण्यात एक गोष्ट दडलेली होती: चित्र बाहेरच्या मेमरीत ठेवायचं आणि प्रत्येक पिक्सेलसाठी नऊ वेळा तिच्या दारात जाऊन उभं राहायचं.

हिशेब करून बघा. ६४० गुणिले ४८० म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे १ कोटी ८४ लाख ३२ हजार पिक्सेल. तुमचं क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १० कोटी ठोके. एका पिक्सेलच्या वाट्याला पाच ठोके आणि वर थोडे येतात. तुम्हाला ४ फ्रेम मिळतात याचा अर्थ एका पिक्सेलला ८१ च्या आसपास ठोके लागताहेत. नऊ वाचनं, दर वाचनाला साधारण नऊ ठोके. आकडा कसा तंतोतंत बोलतो बघा. बेरीज-गुणाकाराला यात काहीच वेळ जात नाहीये, सगळा वेळ वाट बघण्यात जातोय. लॅपटॉपच्या प्रोसेसरला मोठा कॅश असतो, एकदा आणलेली ओळ तो जवळ ठेवतो, म्हणून तिथे हे दुखणं दिसलंच नाही. एफपीजीएत कॅश आपोआप येत नाही. जवळ काय ठेवायचं ते तुम्ही सांगायचं.

तुमच्या मनात आलं असेल की अख्खं चित्रच चिपच्या आत ठेवू. तेही तुम्ही करून पाहिलंत, आणि टूल म्हणालं मावत नाही. कारण तुम्ही पिक्सेल इंट म्हणून घेतला, ३२ बिट. ३,०७,२०० गुणिले ३२ म्हणजे ९८ लाख बिटांच्या वर. ७०२० मध्ये ३६ किलोबिटचे १४० ब्लॉकरॅम (चिपच्या आतले मेमरीचे ठोकळे) असतात, म्हणजे जेमतेम ५० लाखांच्या आसपास बिट. आठ बिटांचा पिक्सेल घेतला असतात तर निम्म्या जागेत मावलं असतं. पण तेही करू नका. अख्खं चित्र साठवायची या कामात गरजच नाही, ते कसं ते पुढे सांगतो.

त्याआधी टूल नेमकं काय करतं ते नीट समजून घ्या, कारण त्यावरच बाकी सगळं उभं आहे. सी मध्ये वेळ नसतो. एका ओळीनंतर दुसरी ओळ, एवढाच क्रम. हार्डवेअरमध्ये दर ठोक्याला काय घडणार आणि ते कुठल्या भागात घडणार हे लिहावंच लागतं, आणि आरटीएल म्हणजे तेच लिहिणं. सी मधून आरटीएलकडे जाताना टूल तीन निर्णय घेतं. किती साधनं घ्यायची, म्हणजे किती गुणक, किती अॅडर, याला अॅलोकेशन म्हणतात. कुठलं काम कितव्या ठोक्याला करायचं, ते शेड्युलिंग. आणि कुठलं काम कुठल्या साधनावर टाकायचं, ते बाइंडिंग. सकाळी घरात घावणं घालताना आपण हेच करतो. चुलीवर तवे किती चढवायचे, कुठलं घावण कधी टाकायचं, आणि कुठल्या तव्यावर. दोन गुणाकार आणि त्यांची बेरीज एवढं काम असेल तर दोन गुणक घेऊन ते दोन ठोक्यांत होतं, एकच गुणक घेतला तर तीन ठोके लागतात. जागा वाचवायची की वेळ, हा सौदा. कामं दोन-चार असतात तेव्हा हे सोपं वाटतं. हजारो कामं आणि साधनं मोजकी, असं झालं की सर्वोत्तम वेळापत्रक शोधणं हा गणिताच्या दृष्टीने फार अवघड प्रश्न आहे. ठरावीक वेळात कामं अशी पसरायची की साधनांवर एकदम भार येऊ नये, अशा पद्धती १९८० च्या दशकातच निघाल्या. पुढे सगळ्या अटी वजाबाकीच्या असमानतांच्या रूपात मांडून त्या एकत्र सोडवायची पद्धत आली, आणि टूल्स खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी झाली. हा भाग टूल आज माणसापेक्षा चांगला करतं. माझ्या हाताने मी हजार कामांचं वेळापत्रक बसवू शकणार नाही.

टूलच्या अहवालात दोन आकडे असतात, लेटन्सी आणि इनिशिएशन इंटरव्हल. दरवर्षी नवीन मुलं या दोघांची गल्लत करतात. आमच्या आजोबांच्या वाडीत विहिरीवर रहाट होता. लोट्यांची लांब माळ, एका बाजूने रिकामे लोटे खाली जायचे, दुसऱ्या बाजूने भरलेले वर यायचे आणि पन्हळीत ओतून पुन्हा खाली. पन्हळीतून पाणी पाटाला, पाटातून माडा-पोफळींच्या अळ्यांत. एक लोटा पाण्यात बुडाल्यापासून वर येऊन ओतेपर्यंत जो वेळ जातो ती लेटन्सी. एका लोट्यानंतर दुसरा लोटा ओतला जाईपर्यंतचा वेळ तो इनिशिएशन इंटरव्हल. विहीर खोल असली तर लोटा वर यायला वेळ लागणारच, पण माळेत लोटे जवळजवळ बांधलेले असतील तर पाटाला पाणी अखंड पडतं. लोटे दुप्पट अंतरावर बांधा: प्रत्येक लोटा पहिल्याइतक्याच वेळात वर येतो, आणि पाटाचं पाणी मात्र निम्मं होतं. तुमच्या कामात पाट बघायचा, विहिरीची खोली नाही. एखाद्या पिक्सेलचं उत्तर पन्नास ठोक्यांनी आलं तरी आंब्याला काही फरक पडत नाही. दर ठोक्याला एक उत्तर बाहेर पडतंय ना, एवढंच बघा.

मग दर ठोक्याला एक उत्तर कसं काढायचं? कॅमेरा पिक्सेल ओळीने देतो, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. ३ बाय ३ च्या खिडकीला एका वेळी तीन ओळींतले तीन-तीन पिक्सेल लागतात. तेव्हा मागच्या दोन ओळी तेवढ्या जवळ ठेवल्या की झालं. ६४० पिक्सेलच्या दोन ओळी, आठ बिटांनी, म्हणजे १०,२४० बिट. १८ किलोबिटच्या एका ब्लॉकरॅममध्ये त्या आरामात बसतात. याला लाइन बफर म्हणतात. खिडकीचे नऊ पिक्सेल रजिस्टरमध्ये, म्हणजे ७२ फ्लिपफ्लॉप (एकेक बिट धरून ठेवणारे घटक). दर ठोक्याला एवढंच घडतं: नवा पिक्सेल आत येतो, त्याच स्तंभातले मागच्या दोन ओळींचे पिक्सेल लाइन बफरमधून येतात, हे तीन मिळून खिडकीच्या उजव्या स्तंभात बसतात, बाकीची खिडकी एक घर डावीकडे सरकते आणि सर्वांत डावा स्तंभ गळून पडतो. बाहेरच्या मेमरीकडे नऊ फेऱ्यांऐवजी एकच फेरी, तीही ओळीने, म्हणजे एका झटक्यात पुष्कळ डेटा आणता येईल अशी. १० कोटी भागिले ३,०७,२००: सेकंदाला ३२५ फ्रेम. चारवरून तीनशे पंचवीस, आणि गणित तेच.

हे सी मध्येच लिहायचं. पण ते सी बघितल्यावर सॉफ्टवेअरवाला म्हणेल, एवढी उलाढाल कशासाठी? कारण ते सी म्हणजे हार्डवेअरचं वर्णन आहे. खिडकीची अॅरे, म्हणजे नऊ पिक्सेलांची यादी, टूलला सांगून पूर्ण फोडून घ्या, नाहीतर टूल ती मेमरीत टाकेल. मेमरीला दारं दोनच असतात, नऊ वाचनांना पाच ठोके जातील आणि तुम्ही पुन्हा काठावर येऊन बसाल. आतल्या लूपला पाइपलाइनचा प्राग्मा द्या (आधीचा पिक्सेल संपायच्या आत पुढचा सुरू कर, असा कोडातूनच टूलला दिलेला निर्देश), इंटरव्हल १ मागा, आणि अहवालात १ च आलाय का ते बघा. मागितला १ आणि दिला २, असं पुष्कळदा होतं. टूल चूक दाखवत नाही, नुसती सूचना देऊन पुढे जातं. ती सूचना वाचायची सवय लावा. कुठल्या चलामुळे अडलं तेही तिथे लिहिलेलं असतं.

बिटांच्या रुंदीबद्दल वर बोललोच, पण अजून थोडं. तुम्ही नऊ पिक्सेलांची सरासरी काढताय आणि नऊने भागताय. भागाकार हार्डवेअरमध्ये महाग. त्याऐवजी मधल्याला ४, बाजूच्या चौघांना २, कोपऱ्यांना १ असं वजन द्या. एकूण १६. १६ ने भागणं म्हणजे चार बिट उजवीकडे सरकवणं, आणि ठरावीक सरकवणं म्हणजे नुसती तारांची जोडणी, त्याला एकही गेट लागत नाही. २ आणि ४ ने गुणणंही तसंच. म्हणजे तुमच्या फिल्टरमध्ये एकही गुणक उरत नाही. सर्वांत मोठी बेरीज २५५ गुणिले १६, म्हणजे ४,०८०. ती १२ बिटांत मावते. ३२ बिटांचा अॅडर कशाला बांधायचा? सॉफ्टवेअरमध्ये इंट लिहिताना आपण विचार करत नाही, कारण तिथे तारा आधीच ओढलेल्या असतात. इथे प्रत्येक तार तुम्ही मागवून घेताय.

पिकलेपणा ठरवायला तुम्ही रंगाचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या रंगाचे किती पिक्सेल याची मोजणी, घेणार आहात असं लिहिलंय (त्याला अर्थातच करड्याऐवजी रंगीत चित्र लागेल). तिथे वेगळी अडचण भेटेल, आत्ताच सांगून ठेवतो. प्रत्येक पिक्सेलसाठी एका खान्यातला आकडा वाचायचा, एकने वाढवायचा, परत ठेवायचा. शेजारचा पिक्सेल त्याच रंगाचा असेल, आणि आंब्याच्या सालीवर तो असतोच, तर आधीचा आकडा परत ठेवून होण्याआधीच पुढचं वाचन येतं. चुकीचं उत्तर येऊ नये म्हणून टूल इंटरव्हल २ किंवा ३ करून टाकतं. ते बरोबरच आहे. उपाय असा की शेवटचा खाना आणि त्याची मोजणी रजिस्टरमध्ये धरायची. पुढचा पिक्सेल त्याच खान्यातला असेल तर तिथेच वाढवायचं, खाना बदलला की मगच मेमरीत लिहायचं. एवढं केल्यावरही टूलला स्वतःहून कळत नाही की लागोपाठच्या लिहिण्या-वाचण्यात आता टक्कर होणार नाही. ते तुम्ही प्राग्माने कबूल करून द्यायचं, आणि ते कबूल करताना खात्री असली पाहिजे. खोटं कबूल केलंत तर टूल विश्वास ठेवतं आणि हार्डवेअर चुकीचे आकडे देतं.

आता थोडा इतिहास, कारण "सगळं आपोआप होईल" हे वाक्य मी नोकरीला लागलो तेव्हाही ऐकलं होतं. आधी गेट हाताने काढत. १९८४ च्या सुमारास व्हेरिलॉग आली, १९८७ मध्ये तशाच दुसऱ्या भाषेचं, व्हीएचडीएलचं, मानक झालं, आणि आरटीएलपासून गेटपर्यंतचं काम यंत्राने करायला सुरुवात केली. ती पायरी पक्की बसली. मग लोकांना वाटलं, वरची पायरीही अशीच चढू. १९९० च्या दशकात तशी व्यापारी टूल्स आली आणि रुजली नाहीत. एक तर ती लिहायची ती हार्डवेअरच्या भाषेतच, म्हणजे वापरणारा तोच जुना माणूस, आणि त्याला मिळणारं उत्तर त्याच्या हातच्या कामापेक्षा कमी दर्जाचं. तो कशाला वापरेल? दुसरी लाट सी, सी++ आणि सिस्टमसी घेऊन आली. २००४ मध्ये कॅटापल्ट हे टूल आलं, २००५ मध्ये सिस्टमसीचं आयट्रिपलई मानक झालं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संशोधनातून उभी राहिलेली ऑटोईएसएल कंपनी २०११ मध्ये झायलिंक्सने घेतली, आणि तुम्ही आज वापरताय ते टूल त्याच वंशातलं. या वेळी ते टिकलं याचं कारण माझ्या मते असं की या लाटेने योग्य काम निवडलं. व्हिडिओ, चित्र, रेडिओ, आणि आता न्यूरल नेटवर्क. डेटा एका बाजूने येतो, दुसऱ्या बाजूने जातो, मध्ये पुष्कळ गणित. गूगलच्या लोकांनी व्हीपी९ या व्हिडिओ फॉरमॅटचा हार्डवेअर डिकोडर याच रस्त्याने केला.

जिथे ठोक्याठोक्याला बाहेरच्या जगाशी ठरावीक बोलणं करायचं असतं, तिथे एचएलएस वापरू नका. डीडीआर मेमरीचा कंट्रोलर, दोन वेगळ्या क्लॉकमधला पूल, एखाद्या बसचं (चिपमधले भाग जोडणाऱ्या सामायिक तारांचं) हस्तांदोलन, यांत वेळ हाच मजकूर असतो, आणि सी मध्ये वेळ सांगायला जागा नाही. प्रोसेसरचा गाभाही मी यात लिहिणार नाही. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर ब्लूस्पेकमध्ये लिहिलाय. ती उच्च पातळीची भाषा आहे, पण जात वेगळी: तिथे रचना तुम्हीच ठरवता, नियमांच्या रूपात लिहिता, आणि कुठले नियम एकाच ठोक्यात एकमेकांना न दुखावता चालतील ते कंपायलर बघतो. बर्कलीची चिझेलही रचना तुमच्याच हातात ठेवते. तुमच्यापैकी कुणाला प्रोसेसरची आवड असेल तर तिकडे वळा.

आता जी गोष्ट सांगतो ती शिकायला मला तीन दिवस आणि एका ग्राहकाचा विश्वास खर्च करावा लागला, आणि तुमच्या पुढच्या टप्प्यात ती नक्की समोर येणार आहे. तुम्ही फिल्टर केलेलं चित्र मूळ चित्रातून वजा करणार आहात, डाग उठून दिसावेत म्हणून. मीही एका व्हिडिओच्या कामात नेमकं तेच करत होतो, १,९२० रुंदीच्या चित्रावर. येणारा पिक्सेल दोन वाटांनी पाठवायचा: एक फिल्टरमधून, दुसरी सरळ. पुढे दोन्ही एकत्र आणून वजाबाकी. मध्ये फिफो, म्हणजे आधी आलेला आधी बाहेर जातो अशी रांग. सी मधली चाचणी अचूक उतरली. आरटीएलची को-सिम्युलेशन, म्हणजे तयार झालेलं आरटीएल त्याच चाचणीवर चालवून बघणं, मोठ्या चित्रावर फार वेळ खायची, म्हणून १६ पिक्सेल रुंदीचं छोटं चित्र घेतलं, तेही पास. बोर्डावर चढवलं आणि पहिली फ्रेमसुद्धा बाहेर आली नाही. चूक दाखवणारा एकही संदेश नाही. सगळं थिजलेलं.

कारण फार साधं होतं. ३ बाय ३ च्या फिल्टरला एखाद्या पिक्सेलचं उत्तर द्यायला त्याच्या खालची ओळ लागते, म्हणजे उत्तर एक ओळ आणि एक पिक्सेल उशिरा येतं. १,९२० च्या रुंदीला १,९२१ ठोके. तोवर सरळ वाटेवरचे पिक्सेल फिफोत थांबणार. मी खोली ठेवली होती ३२. १६ च्या चित्राला १७ पुरतात, म्हणून चाचणी पास झाली. खऱ्या चित्रात ३२ पिक्सेल भरले, फिफो तुंबला, तुंबल्यामुळे वाटणी करणारा भाग थांबला, तो थांबल्यामुळे फिल्टरला पुढची ओळ मिळेना, आणि फिल्टरचं उत्तर येईना म्हणून फिफो रिकामा होईना. सी च्या चाचणीत हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे फिफो अमर्याद असतो. तुमच्या ६४० रुंदीला किमान ६४१ लागतील, वर फिल्टरच्या आतल्या पाइपलाइनचे थोडे. टूलची न सांगता मिळणारी खोली २ असते. तेव्हापासून माझा नियम आहे: दोन वाटा फुटून पुन्हा भेटत असतील तर कागदावर दोन्ही वाटांचा उशीर मोजायचा, आणि को-सिम्युलेशन निदान एकदा तरी खऱ्या रुंदीच्या चित्रावर चालवायची. उंची कमी करा हवी तर, ४८० ऐवजी ८ ओळी घ्या. रुंदी खरीच ठेवा.

इथेच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. तो थिजलेला फिफो मला सापडला तो तयार झालेल्या आरटीएलच्या सिग्नलांच्या लाटा बघून. भरलेपणाचा सिग्नल १ वर गेला आणि परत खाली आलाच नाही. व्हेरिलॉग वाचता येत नसतं तर मी सी च्या कोडकडेच बघत बसलो असतो, आणि सी बरोबरच होतं. म्हणून व्हेरिलॉग शिका. प्रोजेक्ट त्यात लिहायचा नसला तरी एक यूएआरटी (साधा सिरियल संवाद करणारा भाग), एक फिफो आणि एक छोटी स्टेट मशीन स्वतःच्या हाताने लिहा, आयकारस किंवा व्हेरिलेटर या सिम्युलेटरवर चालवा, लाटा उघडून बघा. ही टूल्स फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. एआयकडून कोड लिहून घेण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. घ्या, मीही चाचणीचा सांगाडा तसा काढून घेतो. पण त्या ३२ वर कुठल्याही एआयने किंवा माणसाने नुसतं बघून बोट ठेवलं नसतं, जोवर चित्राची खरी रुंदी आणि दोन वाटांचा उशीर कुणी शेजारी-शेजारी मांडून पाहत नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो, नाहीतर प्रोजेक्ट चालेल पण परीक्षक अडवेल. उच्च पातळीवरचं डिझाइन म्हणजे नुसतं सी चं आरटीएल करणं नाही. त्याच्याही वरचा निर्णय असतो, कुठलं काम प्रोसेसरवर ठेवायचं आणि कुठलं लॉजिकमध्ये टाकायचं. तुमच्या ७०२० मध्ये दोन आर्म प्रोसेसर बसलेलेच आहेत. पट्ट्यावरून सेकंदाला किती आंबे जाणार? चार-पाच म्हणताय. प्रत्येक आंब्याचं एक नीट चित्र पुरलं, तर कदाचित आर्मवरच सगळं भागेल. आधी तिथे चालवा, कुठल्या भागाला किती वेळ लागतो ते मोजा, आणि तो तक्ता अहवालात पहिल्या पानांवर टाका. फिल्टर आणि हिस्टोग्राम लॉजिकमध्ये, आंबा कुठल्या पेटीत टाकायचा हा निर्णय प्रोसेसरवर, अशी वाटणी मला दिसते, कारण तो निर्णय सेकंदाला चार-पाचदाच घ्यायचाय आणि बागायतदार त्याचे निकष दर हंगामात बदलायला सांगणार. निकष सी मध्ये असले तर पाच मिनिटांत बदलतील. आणि साका ओळखण्याचं आश्वासन कुणाला देऊ नका. साका गरात असतो, सालीवर दिसत नाही, साध्या कॅमेऱ्याला तो कळणारच नाही. तुम्ही डाग, आकार आणि रंग एवढंच नीट करा. पॅकिंग करणाऱ्या बायका ते काम ज्या नजरेने करतात ती नजर आधी दोन दिवस तिथे बसून बघा. त्या आंबा हातात फिरवून डेखाकडची बाजू बघतात, हे माझ्या लक्षात आलंय. तुमचा कॅमेरा वरून एकच बाजू बघतोय.

कोकणात राहून काम मिळतं का? मिळतं, पण सुरुवातीची काही वर्षं पुणे, बेंगळुरू किंवा हैदराबादला काढा. बोर्डावर हात ठेवून, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारून जे शिकता येतं ते फोनवर येत नाही. चाचणीच्या कामाला, म्हणजे व्हेरिफिकेशनला, माणसं सतत लागतात. त्या दाराने शिरायला कमीपणा मानू नका. केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत ८५,००० अभियंते तयार करायचं उद्दिष्ट आहे आणि त्यात सहभागी संस्थांना सी-डॅकच्या चिपइन केंद्रामार्फत महागडी टूल्स वापरायला मिळतात. तुमचं महाविद्यालय त्यात आहे का ते विभागप्रमुखांना विचारा. नंतर घरी परतता येतं. माझी टूल्स कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, माझ्याकडे फक्त पडदा असतो, त्यामुळे इथली लाइन तुटली तरी तिथलं काम चालू राहतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत हे फार कामी आलं.

तुमची टूल्स तुमच्याच लॅपटॉपवर आहेत, आणि मिरगाच्या पहिल्या पावसाला वीज जाणार हे तुम्हाला माहीत आहे. सिंथेसिस, प्लेसमेंट, राउटिंग, प्रत्येक टप्प्यानंतर चेकपॉइंट लिहून ठेवा, म्हणजे तीन तासांचं काम पहिल्यापासून करावं लागणार नाही. आधी लाइन बफर घाला आणि इंटरव्हल १ आला का ते बघा. मग वजाबाकीची वाट जोडा, पण फिफोची खोली मुद्दाम २ ठेवून, ८ ओळींच्या चित्रावर, आणि ते थिजताना लाटांमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नंतर खोली १,०२४ करा. दोन्ही वेळचे अहवाल मला पाठवा, त्यात ब्लॉकरॅम आणि टायमिंगचा स्लॅक (ठोका संपायच्या आधी शिल्लक राहिलेला वेळ) हे दोन आकडे दिसतील असे. स्लॅक ऋण आला तर क्लॉक खाली आणू नका, आधी मला विचारा. नऊ आकड्यांच्या बेरजा एकाच ठोक्यात कोंबल्या गेल्या असतील तर त्या झाडासारख्या फोडून घ्याव्या लागतील.